पंप थांबतो तेव्हा

मोटरहोमच्या पलंगाखाली डोकं घालून मी पंपाचा आवाज ऐकत होतो. ओट्याजवळचं बटण दाबलं की पंप लगेच सुरू व्हायचा, घरघर करायचा आणि करतच राहायचा. नळाला मात्र थेंब नाही. लातूरला आमच्या आडावर मोटर बसवली होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तीही अशीच नुसती फिरायची आणि वडील आतूनच ओरडायचे, "बंद कर रे, हवा धरलीय!" चाळीस वर्षांनी, मिशिगनमधल्या कॅलमझूत, माझ्या अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीत मला तोच आवाज ओळखू आला. पंपाला पाणी मिळत नव्हतं. तो हवा ओढत होता.

गाडी १९८५ सालची, सत्तावीस फुटी. आधीच्या मालकाने ती सहा वर्षं एका शेतावरच्या गोदामात उभी ठेवली होती. नवी बॅटरी लावून, जुनं पेट्रोल काढून टाकल्यावर इंजिन अर्ध्या तासात धडधडायला लागलं. दिवे लागले, गॅसची शेगडी पेटली. पाण्याने मात्र तीन शनिवार-रविवार घेतले. त्या दिवसांत या गाड्यांच्या पोटातल्या पाण्याची रचना मी जशी समजून घेतली, तशी घराच्या भिंतींतली कधीच समजून घेतली नव्हती.

रचना तशी साधी आहे. मागच्या पलंगाखाली चाळीस गॅलनांची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची, पॉलिथिलीनची पांढरी टाकी. बाहेरून पाणी भरायचं तोंड, शेजारी हवा बाहेर जाण्यासाठी बोटाएवढी नळी. टाकीतून पाणी एका जाळीतून बारा व्होल्टच्या पंपात, पंपातून थंड पाण्याच्या मुख्य नळीत. तिथे दोन वाटा फुटतात, एक थेट नळांकडे आणि दुसरी गॅसवरच्या सहा गॅलनांच्या हीटरमधून गरम पाण्याच्या नळांकडे. शिवाय कॅम्पग्राउंडवरच्या सार्वजनिक नळाला होज जोडायची वेगळी जोडणी. ती वापरली की टाकी आणि पंप दोघांनाही सुट्टी.

या सगळ्यात खरा हुशार कोण असेल तर तो पंप. तो नसताना पाण्याला दाब कुठून यायचा? १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अनेक ट्रेलरांत टाकी धातूची, जाड पत्र्याची असे आणि तिच्यातच हवा दाबून भरत. हवा पाण्याला ढकले, नळ सोडला की पाणी येई. टाकी जड, सांधे हवाबंद हवेत, आणि हवा गळली की पुन्हा भरणं आलंच. त्याहून साध्या गाड्यांत ओट्यावर हातपंप असे. मागणीनुसार चालणारा डायफ्रॅम पंप आला आणि टाकीला दाब सोसायची गरजच उरली नाही. ती हलक्या प्लास्टिकची झाली, पलंगाखाली, बाकाखाली, हवी तिथे बसू लागली.

पंपाच्या डोक्यात रबरी पडद्याचे छोटे कप्पे असतात, बहुधा तीन. मोटर फिरते तशी एक तिरकी तबकडी हे कप्पे आळीपाळीने दाबते आणि सोडते, एकेरी झडपांतून पाणी पुढे जातं. मिनिटाला दहा-अकरा लिटर. नळ बंद केला की पुढे दाब वाढतो आणि साधारण ४५ पीएसआयला एक छोटा स्विच मोटर बंद करतो. नळ उघडला, दाब उतरला की पुन्हा सुरू. म्हणून अशा गाडीत पाण्याची तब्येत कानाने कळते. पंप सुरू होऊन थांबला, तर सगळं ठीक. थांबतच नसेल, तर तो हवा खातोय किंवा पुढे कुठेतरी मोठी गळती आहे. सगळे नळ बंद असताना मधूनच दोन सेकंद गुरगुरून गप्प झाला, तर कुठेतरी थेंब थेंब पाणी जातंय. या गाड्यांवर काम करणारे म्हातारे कारागीर पंपाच्या आवाजावरून दुखणं सांगतात. त्यात काही जादू नाही. तो पंप दाबाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही.

माझा पंप हवा कुठून घेत होता ते सापडायला शनिवारची दुपार गेली. ओढीच्या बाजूची गळती ही फसवी गोष्ट आहे. तिथे दाब नसतो, उलट ओढ असते, त्यामुळे पाणी बाहेर येत नाही आणि जमीन कोरडीच राहते. आधी जाळीचं पारदर्शक भांडं सापडलं. त्याला केसाएवढी चीर होती. कुठल्यातरी थंडीत आत राहिलेलं पाणी गोठलं होतं. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि प्लास्टिक तेवढं फुगत नाही. भांडं बदललं, तरी तोच आवाज. मग टॉर्चच्या उजेडात त्याच्यामागे तीन तोंडांची एक चावी दिसली. एक तोंड टाकीकडे, एक पंपाकडे आणि तिसऱ्याला हातभर मोकळी नळी. हिवाळ्याआधी ही नळी गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवायची आणि पंपाने ते सगळ्या नळ्यांत भरायचं, अशी ती सोय. चावी अजून त्या नळीकडेच वळलेली होती. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी शेवटची फिरवली, ती तशीच. पंप इमानदारीने पलंगाखालची हवा ओढत होता.

चावी पाव फेरा फिरवली. पंपाचा आवाज जड झाला, खोल झाला. ओट्यावरच्या नळाने दोन-तीनदा फुर्र केलं, गुलाबीसर पाणी थुंकलं आणि मग एकसंध धार आली. "पाणी आलं!" असं मी मराठीत ओरडलो. आमच्या लहानपणी गल्लीतलं कुणीतरी पहिलं ओरडायचं तसंच.

तो आनंद दहा मिनिटं टिकला. नळ बंद केला, दाब चढला आणि न्हाणीघराच्या कपाटातून फवारा उडाला.

इथे राखाडी नळ्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या काळातली जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ती भेटतेच. साधारण १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेत पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकच्या नळ्या सर्रास वापरल्या गेल्या. तांब्यापेक्षा स्वस्त, हव्या तशा वाकणाऱ्या, गोठण्याला बऱ्याच अंशी दाद न देणाऱ्या. मोटरहोम बांधणाऱ्यांना आणखी काय हवं? अरुंद कपाटांमागून एकसलग नळी ओढता येई. पण नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं आणि तेच क्लोरीन या नळ्या आणि त्यांचे प्लास्टिकचे सांधे आतून हळूहळू ठिसूळ करत गेलं. बाहेरून काहीच दिसत नसे. वर्षं जात आणि एके दिवशी सांधा तडकून लोकांच्या भिंती, छतं भिजत. दावे झाले. १९९५ साली झालेल्या तडजोडीत उत्पादकांनी ९५ कोटी डॉलर बाजूला काढले, आणि ती नळी बाजारातून गेली. आता तिच्या जागी पेक्स, म्हणजे क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आहे. निळी थंड पाण्याला, तांबडी गरम पाण्याला.

माझ्या गाडीतली नळी अजून लवचिक होती. सांधे मात्र हातात घेतल्यावर खडूसारखे कण सोडत होते. एक बदलून भागलं असतं का? त्या दिवसापुरतं भागलं असतं. पण एक सांधा गेला की बाकीचेही त्याच वयाचे आणि तेच पाणी प्यायलेले असतात. मी सगळे बदलायचं ठरवलं, आणि हा निर्णय या कामातला सर्वांत बरोबर होता असं मला आजही वाटतं. दोन्ही प्रकारच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास सारखा आणि आतला वेगळा असतो. त्यामुळे जिथे जुनी नळी ठेवायची तिथे जोडायला खास दोन मापांचा तुकडा घ्यावा लागतो. साधा पेक्सचा तुकडा बसल्यासारखा वाटतो आणि नंतर दगा देतो.

सामान आणायला एल्खार्टला गेलो. इंडियानातला हा परगणा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. अमेरिकेतल्या बहुतांश मोटरहोम आणि ट्रेलर या परगण्यात आणि त्याच्या आसपास बनतात. या गाड्यांचं संग्रहालयही तिथेच आहे. कारखान्यांतून उरलेलं सामान विकणारी दुकानं तिथे आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीने मांडलेले नळ, टाक्या, झाकणं, पंप. काउंटरवरच्या बाईंनी माझी यादी पाहिली, सालाचा आकडा विचारला आणि न विचारता दोन सांधे जास्त टाकले. "तुला लागतील," म्हणाल्या. लागले.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी प्रत्येक सांध्याभोवती टिश्यूचा कोरडा कागद गुंडाळला, पंप लावला आणि जेवून आलो. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर डाग होऊन दिसते. एकच डाग होता. आवळल्यावर गेला.

गरम पाण्याचा नळ मात्र रिकामाच. तोवर मी शहाणा झालो होतो आणि हीटरच्या मागच्या चाव्या आधी पाहिल्या. हिवाळ्यात सहा गॅलनांच्या टाकीत महागडं अँटिफ्रीझ भरून वाया जाऊ नये म्हणून हीटरला वळसा घालणारी एक बायपास नळी असते. तिच्या चाव्याही सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातच अडकल्या होत्या. त्या फिरवण्याआधी मी हीटरचा खालचा नट सोडला. त्याला लागून एक लांब कांडी बाहेर आली. खरं तर कांडीची तार. पोलादी टाकीच्या हीटरमध्ये मॅग्नेशियमची ही कांडी मुद्दाम गंजण्यासाठी ठेवलेली असते. पाणी आधी तिला खातं आणि टाकीला सोडतं. ती संपली की टाकीची पाळी. अॅल्युमिनियमच्या टाकीत ही कांडी नसते, म्हणून आपला हीटर कुठल्या जातीचा ते आधी पाहावं. नवी कांडी बसवली, टाकीतला पांढरा गाळ होजने धुऊन काढला आणि गरम नळातून पाण्याची भरीव धार येईपर्यंत गॅस पेटवला नाही. पाण्याशिवाय पेटवलेला हीटर आतून जळतो.

मग शुद्धीकरण. सहा वर्षं बंद टाकीतलं पाणी पिण्याजोगं करताना घाई करू नये. टाकीच्या आत हात फिरवला तर बोटांना गुळगुळीत बुळबुळीत लागतं, तो जंतूंचा थर. दर पंधरा गॅलनांना पाव कप बिनवासाचं साधं ब्लीच, हा इथला रूढ हिशोब. माझ्या टाकीला साधारण १६० मिलिलिटर. बादलीत मिसळून ओतायचं, टाकी काठोकाठ भरायची, प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचा. बाहेरचा शॉवर आणि शौचकूप विसरायचं नाही. किमान चार तास ठेवायचं. मी रात्रभर ठेवलं. नंतर तीन वेळा टाकी भरली आणि रिकामी केली. पाणी भरायला पिण्याच्या पाण्याची वेगळी पांढरी होज घेतली. बागेच्या हिरव्या नळीतून टाकी भरू नये.

तिसऱ्या शनिवारी गाडीतच झोपलो. रात्री दीडला पंप दोन सेकंद गुरगुरला. दोनला पुन्हा. उठून एकेक जागा पाहिली. शौचकूपाच्या झडपेचं वॉशर वाकलं होतं आणि पाणी थेंबाथेंबाने भांड्यात जात होतं. सकाळी वॉशर बदललं. त्या रात्री पंप अकराला थांबला आणि मी दात घासायला नळ सोडेपर्यंत गप्प होता.

जूनमध्ये लुडिंग्टनला, लेक मिशिगनच्या काठी, पाच दिवस राहिलो. दीडशे लिटर पाणी, दोन माणसं. सरकारी आकड्यांनुसार इथला माणूस घरी दिवसाला सुमारे ८२ गॅलन, म्हणजे तीनशे लिटरच्या वर पाणी वापरतो. आमची अख्खी टाकी त्याला अर्धा दिवस पुरली असती. मला मात्र ते प्रमाण ओळखीचं होतं. लातूरला घराबाहेर दोनशे लिटरचा निळा ड्रम असायचा आणि पुढचं पाणी कधी येईल ते नक्की नसायचं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या दिवसांत माझी बहीण भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला घालत होती. तांब्याने आंघोळ, भांडी आधी पुसून मग धुणं, धार बारीक ठेवणं हे मला शिकावं लागलं नाही. माझ्या मुलीला लागलं. चौथ्या दिवशी ती स्वतःच पंपाचा आवाज मोजायला लागली. "बाबा, सात सेकंदांत आंघोळीचा मग भरतो," म्हणाली. पाचव्या दिवशी टाकीत अजून चौथा हिस्सा पाणी होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या कडक थंडीच्या आधी, सगळं पाणी काढलं. टाकीचं बूच, हीटरचा नट, खालच्या दोन निचऱ्याच्या तोट्या. बायपास वळवला, तीन तोंडांची चावी मोकळ्या नळीकडे केली आणि गुलाबी अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून येईपर्यंत पंप चालवला. ते प्रोपिलीन ग्लायकोलचंच घ्यायचं. इंजिनाचं हिरवं विषारी असतं.

मग चिकटपट्टीचे दोन तुकडे फाडले. पलंगाखालच्या फळीच्या आतल्या बाजूला एक लावला आणि मार्करने लिहिलं: "चावी हिवाळ्याच्या नळीवर आहे. आधी टाकीकडे फिरव." हीटरच्या कपाटात दुसरा: "बायपास चालू. हीटर रिकामा. पाणी आल्याशिवाय पेटवू नकोस." दोन्हींखाली तारीख टाकली आणि त्याच ओळी इंग्रजीतही लिहिल्या. पुढच्या एप्रिलमध्ये ही फळी कोण उचलेल, काय सांगावं.