जबाबदार राज्यपद्धति : कोणीं कोणास जाब द्यावा?

विद्यार्थिमित्रांनो, 'पक्ष', 'मंत्रिमंडळ', 'सरकार' हे शब्द तुमच्या कानांवर नेहमीं पडतात. निवडणुकीच्या दिवसांत तर गल्लोगल्लीं त्यांचाच घोष चालतो. परंतु सरकार जबाबदार असावें असें आपण म्हणतों, तेव्हां तें कोणास जबाबदार असावें, याचा विचार थोडेच करतात. आपलें लोणखेडा ज्या शहादा तालुक्यांत आहे, त्याच्या पूर्वेतिहासांत या प्रश्नावर प्रकाश पाडणारी एक गोष्ट आहे. ती आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

प्रथम अर्थ पाहूं. लोकप्रतिनिधींचा विश्वास असेपर्यंतच ज्या मंत्र्यांना अधिकारावर राहतां येतें, त्यांच्या राज्यास जबाबदार राज्यपद्धति म्हणतात. तिला पक्षांची गरज लागते. एका मताचे सभासद बहुमत करून मंत्रिमंडळ बनवितात. उरलेले विरोधी बाजूस बसून प्रश्न विचारतात व खर्चाचा हिशेब मागतात. एकानें मोट हाकावी आणि दुसऱ्यानें पाटाचें पाणी कोठें फुटतें तें पाहावें, तेव्हांच मळा भिजतो. तसेंच हें आहे.

स्वातंत्र्याची चर्चा देशांत ऐन भरांत असतां, १९३५ च्या कायद्यानें प्रांतांना ही पद्धति कांहीं अंशीं देऊं केली. ती घ्यावी कीं न घ्यावी, यावर मोठा वाद माजला. डिसेंबर १९३६ मध्यें शेजारच्या पूर्व खानदेशांत फैजपूर येथें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. तेथें नवा कायदा नामंजूर करण्यांत आला, तरी निवडणुका लढविण्याचें ठरलें. मंत्रिपदें घ्यावयाचीं कीं नाहीं, हा निर्णय मात्र पुढें ढकलला गेला.

१९३७ च्या निवडणुकींत मुंबई प्रांताच्या १७५ सभासदांच्या असेंब्लींत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु गव्हर्नर आपले विशेष अधिकार वापरणार नाहींत, असें आश्वासन मिळाल्यावांचून तो पक्ष अधिकार घेईना. म्हणून १ एप्रिलपासून सर धनजीशा कूपर यांचें मंत्रिमंडळ आलें. त्यामागें बहुमत नव्हतें. जुलैमध्यें तें गेलें आणि श्री. बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. विरोधी बाजूस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं कोंकणांतील खोती पद्धति बंद करण्याचें बिल मांडलें. पुढील वर्षीं मजुरांच्या संपाच्या हक्कावर बंधनें घालणारें सरकारी बिल आलें, तेव्हां त्यांनीं त्यास कसून विरोध केला व ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं एक दिवसाचा संपहि झाला. बिल मंजूर झालें खरें. पण सरकारला भर सभेंत उत्तरें द्यावीं लागलीं.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं लोकप्रतिनिधींना न विचारतां हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें जाहीर केलें. याच्या निषेधार्थ काँग्रेसनें आपल्या मंत्रिमंडळांना राजीनामे देण्यास सांगितलें आणि खेर मंत्रिमंडळ नोव्हेंबरांत अधिकारावरून दूर झालें. असेंब्लीचा विश्वास त्यानें गमावला नव्हता. स्वातंत्र्य हेंच ज्या पक्षाचें ध्येय, त्यास दुसरा मार्ग नव्हता, असें एक म्हणेल. मतदारांनीं निवडलेल्यांनीं पक्षाच्या कार्यकारिणीच्या सांगण्यावरून कां जावें, असें दुसरा विचारील. दोन्हीं म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हातीं राहिला आणि मंत्र्यांना जाब विचारण्याची जागाच उरली नाहीं.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. १९३६ च्या एका हुकुमानें तेव्हांच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील शहादा, नंदुरबार व तळोदा हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेवासी संस्थानिकांचीं गांवें 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरलीं. याचा अर्थ असा कीं, असेंब्लीनें केलेला कोणताहि कायदा, गव्हर्नरांनीं तसें जाहीर केल्याशिवाय, येथें लागू होत नसे. डोंगराळ मुलखांतील भिल्ल, पावरा इत्यादि लोकांचें सावकारादिकांपासून रक्षण व्हावें, असा हेतु सांगितला जाई, आणि ती भीति निराधार नव्हती. तथापि पश्चिम खानदेशचे प्रतिनिधि असेंब्लींत बसून ज्या कायद्यास मत देत, तोच कायदा लोणखेड्याच्या शिवेवर थांबे. तो येथें कां आला नाहीं, हें मंत्र्यांस विचारावें, तर अंतिम निर्णय मंत्र्यांचा नव्हता. आणि गव्हर्नर तर येथील मतदारांस उत्तर देण्यास बांधलेले नव्हते. शिवाय त्या काळीं मतदार तरी किती? मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींमुळें बहुतेक गोरगरिबांस मतच नव्हतें.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या पांचव्या अनुसूचीनें अनुसूचित क्षेत्रांपुरता हा नियम उलटा केला. आतां तेथें कायदा लागू असतो. राज्यपालांनीं तसें जाहीर केलें, तरच तो लागू होत नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत २१ वर्षांवरील स्त्रीपुरुषांस मत मिळालें. १९८९ मध्यें ती मर्यादा १८ वर्षांवर आली. १९९६ च्या पेसा कायद्यानें तर अशा क्षेत्रांतील ग्रामसभेस गांवच्या विकासयोजनांना मंजुरी देण्याचा अधिकार दिला.

यावरून एवढें ध्यानांत यावें कीं, पक्ष कितीहि थोर असो, आणि राज्यकर्त्याचा हेतु कितीहि चांगला असो, ज्याच्यावर राज्य चालतें त्याला प्रश्न विचारतां आला पाहिजे, आणि ज्याच्या हातीं निर्णय आहे त्यानेंच त्याचें उत्तर दिलें पाहिजे. पालकांनीं पुढच्या ग्रामसभेस जातांना आपल्या मुलांसहि बरोबर न्यावें, अशी आमची विनंति आहे. गांवच्या खर्चाचा हिशेब कसा मागतात आणि तो कोण देतो, हें त्यांना तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.