एचआयव्ही चाचणीचा खर्च कोणी सोसायचा?

आजाराची शंका आल्यावर केलेल्या रक्ततपासणीचा खर्च विमा कंपनीने द्यावा, याबाबत फारसा वाद होत नाही. मात्र, कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तीची एचआयव्ही चाचणी केल्यास तिचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. शासकीय केंद्रांत ही चाचणी मोफत होत असल्याने महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद काहीसा परका वाटेल. अमेरिकेत मात्र बहुसंख्य नागरिकांचे उपचार खासगी विम्यावर अवलंबून असतात.

वादाचे मूळ सप्टेंबर २००६ मधील एका शिफारशीत आहे. दवाखान्यात येणाऱ्या १३ ते ६४ वर्षे वयाच्या प्रत्येकाची, त्याने नकार दिला नाही तर, एचआयव्ही चाचणी करावी, असे तेथील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने सुचविले. त्या वेळी देशातील सुमारे १० लाख बाधितांपैकी चौथा हिस्सा स्वतःच्या संसर्गाबाबत अनभिज्ञ होता. हा विषाणू अनेक वर्षे लक्षणांविना शरीरात राहू शकतो. साहजिकच लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उपचारास आणि प्रसार रोखण्यासही विलंब करणे होय.

शिफारस झाली, तरी विम्याचे नियम जुनेच होते. चाचणीला वैद्यकीय कारण हवे, किंवा रुग्ण 'जोखमीच्या गटा'तील हवा. शासनास सल्ला देणाऱ्या प्रतिबंधक सेवा कृती दलानेही २००५ मध्ये जोखीम असलेल्यांसाठी आणि गर्भवतींसाठीच चाचणीचा आग्रह धरला होता. पण जोखीम ठरवायची कोणी? पतीच्या पूर्वायुष्याची कल्पना नसलेली गृहिणी स्वतःला या गटात कधीच मोजणार नाही. आणि ज्याला जोखीम ठाऊक आहे, त्याला ती डॉक्टरांपुढे उघड करण्याचा संकोच वाटतो.

हा अडसर कॅलिफोर्नियाने दूर केला. आमदार पॉल क्रेकोरियन यांच्या विधेयकावर गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २००८ मध्ये स्वाक्षरी केली. मुख्य निदानाशी संबंध असो वा नसो, चाचणीचा खर्च विम्यात समाविष्ट करणे त्यामुळे बंधनकारक झाले. पाय मोडून आलेल्या रुग्णाची चाचणीही त्यात बसते. मात्र, कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून भागविणाऱ्या कंपन्या १९७४ च्या संघीय कायद्यामुळे अशा राज्य कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात. ही पळवाट लहान नाही.

ती बुजली २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने. कृती दलाने 'ए' किंवा 'बी' श्रेणी दिलेली सेवा रुग्णाकडून काहीही न घेता पुरवावी, असे बंधन या कायद्याने घातले. एप्रिल २०१३ मध्ये दलाने १५ ते ६५ वयोगटाच्या सरसकट चाचणीला 'ए' श्रेणी दिली आणि काही जुन्या योजना वगळता देशभर ती विमाधारकांसाठी मोफत झाली.

त्यानंतर वाद न्यायालयात गेला. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांच्या खर्चास धार्मिक कारणावरून विरोध करणाऱ्या टेक्सासमधील पक्षकारांनी कृती दलाच्या नेमणुकीलाच आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी दलाची रचना वैध ठरविली. परंतु या निकालाचा आधारच असा, की दलाचे सदस्य आरोग्य मंत्र्यांच्या नियंत्रणाखाली आहेत. मंत्री त्यांना पदावरून दूर करू शकतात आणि शिफारस अमलात येण्यापूर्वी रोखूही शकतात. चाचणीची 'ए' श्रेणी पुढे काढली गेली, तर कॅलिफोर्नियाचा २००८ चा कायदा मात्र त्या राज्यापुरता लागू राहील.