गाडीच्या टपावरचं ऊन

घर म्हटलं की चार भिंती, ओटा, देवघर आणि दर महिन्याला येणारं लाइटचं बिल. पण चेतनसिंह सोळंकी यांनी आपलं घर चाकांवर थाटलं. मूळचे मध्य प्रदेशातले, तेव्हा आयआयटी मुंबईत सौरऊर्जेचे प्राध्यापक होते. २६ नोव्हेंबर २०२० ला ते भोपाळहून एका बसमधून निघाले, तेही २०३० पर्यंत घरी परतायचं नाही असं ठरवूनच. झोपणं बसमध्ये, स्वयंपाक बसमध्ये, कामाचं टेबलही तिथंच. त्यासाठी लागणारी वीज बसच्या टपावरच्या सोलर पॅनलमधून. यात्रेचं नाव ‘एनर्जी स्वराज’. त्यातला स्वराज हा शब्द गांधीजींचा, म्हणजे आपल्या वर्धेकरांच्या ओळखीचाच.

त्या बसवर ३.२ किलोवॉटची पॅनल आणि ६ युनिट साठवणारी बॅटरी. आता हिशेब बघा. आपल्या भागात १ किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. म्हणजे बसवर कडक उन्हात १२ युनिट सहज तयार होणार, पण साठणार फक्त ६. उरलेली दिवसाच वापरायची. बायकांना हे सांगायला नको. पापड, कुरडया, सरगुंडे आपण उन्हात घालतो ते ऊन असेल तेव्हाच, रात्रीसाठी ऊन डब्यात भरून ठेवत नाही.

बस सोडा, पण बचत गटाची खाऊची गाडी असते, दिंडीबरोबर जाणारा टेम्पो असतो, कुणी हौसेनं ट्रॅव्हलरमध्येच संसार मांडतं. अशा गाडीवर पॅनल बसवायचं तर सुरुवात दुकानातून नको, कागद-पेन्सिल घेऊन करा. एलईडीचे ४ दिवे, ९ वॉटचे, ५ तास : १८० वॉट-तास. कमी वीज खाणारा ३० वॉटचा पंखा १० तास : ३००. मोबाइलचं चार्जिंग ६०. बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज घेतलात तर अंदाजे ५००. झाले १०४०, म्हणजे १ युनिटच्या थोडं वर. एवढ्यासाठी गणितानं २६० वॉट पुरतात, पण टपावर पॅनल आडवं असतं, धूळ बसते, झाडाची सावली पडते. म्हणून ३५० वॉट धरा. इस्त्री, गिझर, एसी या यादीत घालूच नका. सोळंकीही तेच सांगतात, आधी टाळा, मग कमी करा, उरेल तेवढीच तयार करा.

उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पॅनल जोरात चालत असेल असं वाटतं ना? उलट आहे. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. तापून ते ६५-७० अंशांवर गेलं की कंपनीनं लिहिलेल्या वॉटपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास वीज कमी देतं. त्यामुळे पॅनल टपाला चिकटवून टाकू नका. खाली दोन-तीन इंच जागा सोडली की वारा खेळतो. आणि आतल्या माणसांना टपाची सावली मिळते ती वेगळीच.

बॅटरी हा खर्चाचा मोठा भाग. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. पण घरच्या इन्व्हर्टरसारखी ॲसिडची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती ९०० च. शिवाय पन्नासेक किलो वजन, चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडणारी, गचके बसले की ॲसिड सांडणारी. ज्या गाडीत लेकरं झोपणार, तिथं ती मला पटत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण हलकी, आणि बरीच खोलवर वापरता येते.

आता वायरी. इथंच आग लागण्याची खरी भीती. घरात २३० व्होल्टवर १००० वॉटला सव्वाचार अँपिअर पुरतात. बारा व्होल्टवर त्याच १००० वॉटला ८३ अँपिअर वाहतात. बारीक वायर घातली की ती तापते, वितळते. मिस्त्री म्हणेल, ‘ताई, बारा व्होल्टच तर आहे, काही होत नाही.’ त्याचं ऐकू नका. शॉक लागत नाही म्हणून आग लागत नाही असं नसतं. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज हवा, आणि तो डीसीचाच, घरातला एमसीबी तिथं चालत नाही. पॅनल थेट बॅटरीला जोडायचं नाही, मध्ये चार्ज कंट्रोलर घालायचा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलटं. खड्ड्यांत नट सैल होतात, तेव्हा महिन्याला एकदा पाना फिरवून बघा.

हे काम बायकांचं नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) गावी पाठवा. तिथं आपल्या बायकांनी सोलर पॅनल बनवण्याचा कारखाना उभा केलाय. राजस्थानातल्या डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीनं पॅनलचा उद्योग उभारला, त्याच वाटेवरचं हे काम. सेल एकमेकांना जोडणं, सोल्डरिंग, काचेखाली बसवणं, शेवटी तपासणी. कशिद्याला लागते तीच नजर आणि तोच धीर.

गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर अपघात झाल्यावर तीच कारणं पुढे करून पैसे अडकतात. टपावर भोकं पाडलीत तर रबराचे वायसर आणि सीलंट घाला, आणि हे काम मे महिन्यातच उरका. मृगाचा पहिला पाऊस आला की गळती नेमकी कुठून आहे ते शोधत बसावं लागतं.