हिमाच्छादनाखाली स्वयंचलित पाणबुडी

चंद्राकडे निघालेल्या यानाशी रेडिओ-लहरींच्या साहाय्याने संभाषण करता येते. परंतु समुद्रात थोड्या खोलीवर गेलेल्या पाणबुडीशी तसे करता येत नाही. खारे पाणी या लहरी थोड्याच अंतरात शोषून घेते. ध्वनी पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने दूरवर जातो खरा; तथापि त्याच्या द्वारे फार थोडा मजकूर धाडता येतो. म्हणून खोल पाण्यात दूरवर जाणाऱ्या निर्मनुष्य पाणबुडीला आपले निर्णय आपणच घ्यावे लागतात. अशा वाहनास स्वयंचलित पाणबुडी म्हणतात.

ती आपला मार्ग कसा ओळखते? ती समुद्रतळाकडे ध्वनीचे झोत सोडते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी ज्या कारणाने अधिक उंच स्वरात ऐकू येते, त्याच कारणाने या झोतांच्या प्रतिध्वनींचा स्वर किंचित बदलतो. त्यावरून वेग कळतो, दिशादर्शक यंत्रावरून दिशा कळते, आणि दोहोंवरून संगणक स्थान काढतो. या गणितातील चूक हळूहळू साठत जाते. उघड्या समुद्रात पाणबुडी वर येऊन उपग्रहाच्या साहाय्याने ती सुधारून घेते. बर्फाखाली मात्र ही सोय नाही.

ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांनी नेमका हाच कठीण प्रदेश निवडला. २००५ साली त्यांची ‘ऑटोसब-२’ अंटार्क्टिकातील फिम्बुल हिमाच्छादनाखाली शिरली, ती परतलीच नाही. त्या फेरीत जमविलेली माहितीही तिच्याबरोबरच गेली.

तरीही जानेवारी २००९ मध्ये ‘ऑटोसब-३’ पाइन आयलंड हिमनदीच्या तरंगत्या भागाखाली पाठविण्यात आली. सात मीटर लांबीच्या या पाणबुडीला विजेरीत घालतात तशा सुमारे ५,००० विद्युत्घटांतून शक्ती मिळत असे. सहा फेऱ्यांत तिने बर्फाखाली सुमारे ५०० किलोमीटर प्रवास केला आणि दर वेळी ती परत आली. तिच्या मापनांतून समुद्रतळावर सुमारे ३०० मीटर उंचीची एक डोंगरधार आढळली. हिमनदी पूर्वी या धारेवर टेकलेली होती. तो आधार सुटल्यावर समुद्राचे उबदार पाणी धार ओलांडून आत शिरू लागले व बर्फ खालून वितळू लागला. तरंगता भाग पातळ झाला की त्यामागचा जमिनीवरील बर्फ अधिक वेगाने समुद्राकडे सरकतो, आणि जगातील सर्व किनाऱ्यांवर पाण्याची पातळी वाढते. हिमनदी का ओसरत आहे, याचे एक महत्त्वाचे कारण अशा रीतीने हाती आले.

जेथे माणूस पाठविणे धोक्याचे, तेथे नौदलेही अशी वाहने वापरतात. २००३ साली इराकमधील उम्म कसर बंदरात पाणसुरुंगांचा शोध घेण्यासाठी ‘रेमस’ जातीच्या लहान पाणबुड्या योजिल्या होत्या. भारतात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ ही छोटी स्वयंचलित पाणबुडी तयार केली आहे.

या सर्व पाणबुड्या एकट्याच जातात. अडथळा आला तर कोठे वळावे, यंत्र बिघडले तर केव्हा परतावे, हे सारे त्यांना आधीच शिकवून ठेवावे लागते. कारण एकदा त्या खोल पाण्यात शिरल्या की नवी आज्ञा त्यांच्यापर्यंत पोचेलच, याची शाश्वती नसते.