सेल्फ का करकरतो?

मे महिन्याची सुट्टी संपत आली होती. सुरतला, उधन्याच्या आमच्या घरी, पप्पांची ओम्नी सुरू होईना. ही गाडी आमची हौस नाही. पप्पा तिच्यातून शाळेच्या मुलांची ने-आण करतात, आणि शाळा उघडायला आठच दिवस राहिले होते. सेल्फचे कार्बन झिजले होते, ते बदलून आणले. रविवारी मिस्सा आटोपून आम्ही दोघांनी गाडीखाली झोपून सेल्फ परत बसवला. किल्ली फिरवली तर आतून असा 'कर्रर्र' आवाज आला की शेजारच्या बेन गॅलरीत आल्या.

पप्पा म्हणाले, "नवीन सेल्फच घेऊ." मी म्हटलं, थांबा जरा. त्या 'जरा'मध्ये जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी गाडी आहे.

आधी हा प्राणी काय आहे ते बघू. इंजिन आपणहून सुरू होत नाही, त्याला पहिला झटका द्यावा लागतो. पूर्वी तो हाताने, हँडल मारून देत. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू सुटलं. 'सेल्फ-स्टार्टर'मधला 'स्टार्टर' आपण गाळला, उरला 'सेल्फ'.

सेल्फ म्हणजे एक छोटी पण जोरकस मोटर. तिच्या टोकाला दातेरी चाक असतं, त्याला गॅरेजमध्ये बेंडिक्स म्हणतात. इंजिनच्या फ्लायव्हीलला मोठी दातेरी रिंग असते. किल्ली फिरवली की सोलेनॉइड दोन कामं करतो : आधी बेंडिक्स पुढे ढकलून रिंगच्या दातांत अडकवतो, मग मोटरला पूर्ण करंट देतो. इंजिन सुरू झालं की बेंडिक्स मागे सरकतो. दातात दात नीट बसले नाहीत आणि मोटर फिरली, की करकर.

म्हणून पहिलं काम, आवाज नीट ऐकणं. आपल्या भाषेत आवाजांना शब्दांची कमी नाही, ते इथे कामाला येतात. नुसती 'टकटक' असेल तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल बघा. 'घूंऽऽ' करून मोटर मोकळीच फिरत असेल तर बेंडिक्स पुढे येत नाही किंवा त्याचा क्लच घसरतोय. किल्ली फिरवताक्षणी 'कर्रर्र' असेल तर दात जुळत नाहीयेत. इंजिन सुरू झाल्यावरही करकर चालूच असेल तर बेंडिक्स मागे येत नाहीये.

दुसरं, स्वतःला विचारा : काल नव्हतं ते आज काय बदललं? सेल्फ काढून बसवल्यावरच आवाज आला असेल तर संशय आधी बसवण्यावर घ्यावा. त्यासाठी हे तपासा :

1. बोल्ट. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर सेल्फ तिरका बसतो. दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

2. बसायची जागा. तिथे माती, गंज, जुना रंग असेल तर सेल्फ सपाट बसत नाही. शिवाय सेल्फला अर्थ त्याच्या अंगातूनच मिळतो. जागा घाण असेल तर करंटही कमी पडतो.

3. पातळ पट्टी. काही गाड्यांत सेल्फखाली शिम असते. काढताना निघाली असेल तर ती परत घालायलाच हवी.

4. बदललेला भाग. सेल्फ किंवा बेंडिक्स नवा असेल तर जुन्याशेजारी ठेवून दात मोजा. एक दात कमी-जास्त असला तरी जुळणार नाही.

5. बॅटरी. कमजोर बॅटरीवर सोलेनॉइड बेंडिक्सला पूर्ण ढकलू शकत नाही.

हे सगळं ठीक असेल आणि करकर कधी येते, कधी नाही, तर रिंगचे दात झिजलेले असू शकतात. बंद होताना इंजिन ठरावीक जागीच थांबतं. तीन सिलिंडरच्या ओम्नीत रिंगवर अशा तीन जागा, चार सिलिंडरच्या गाडीत दोन. झीज तिथेच होते. किल्ली बंद ठेवून, टॉप गिअर टाकून गाडी हाताने थोडी ढकला, मग न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारा. आवाज गेला तर दोष रिंगचा. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे खर्च मोठा. म्हणूनच करकर ऐकू येत असताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. प्रत्येक वेळी दात कुरतडले जातात.

आणि गाडीखाली जाण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका.

आमचं काय झालं? सेल्फ पुन्हा काढला. बसायच्या जागेवर वाळलेल्या चिखलाचा नखाएवढा खडा चिकटला होता. वायर ब्रशने जागा घासली, बोल्ट आळीपाळीने आवळले. पप्पांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. नवा सेल्फ आणायला काढून ठेवलेले पैसे मम्मीने माझ्या बहिणीच्या वह्या-पुस्तकांना दिले.