घरच्या रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदलताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणपती जवळ आले की जबलपुरातल्या मराठी घरांमधून एकच प्रश्न यायला लागतो : रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? राइट टाउन, नेपियर टाउन, गोरखपूर, आधारताल, कुठेही जा, एखाद्या घरात मागच्या खोलीत लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक मांडलेला दिसतो. आरत्या, अभंग, आजीच्या ओव्या, मुलाने गिटारवर बसवलेलं भावगीत, सगळं तिथेच रेकॉर्ड होतं. आवाज मनासारखा उतरला नाही की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं आणि नवी आवृत्ती घ्यायचं ठरतं. पैसा घरखर्चातून जातो, म्हणून त्यामागचे समज एकदा नीट तपासायला हवेत.

सगळ्यात खोल रुजलेला समज असा की महाग सॉफ्टवेअरचा ‘साउंड’च वेगळा असतो. माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे इंटरफेसमध्ये तयार होतात; सॉफ्टवेअर ते आकडे फक्त साठवतं आणि त्यांची बेरीज करतं. ती बेरीज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही तितकीच अचूक होते. याची परीक्षा घरी घेता येते. एक मिनिटाची स्टिरिओ वेव्ह फाइल घ्या. ती जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. इफेक्ट नको, फेडर शून्यावर, पॅन मधोमध, डिदर बंद. 24 बिटमध्ये एक्सपोर्ट करा. तेच नव्या सॉफ्टवेअरमध्ये करा. आता दोन्ही फाइली दोन ट्रॅकवर एकमेकांखाली तंतोतंत जुळवा, एकीची पोलॅरिटी उलटी करा आणि वाजवा. दोन्ही फाइली सारख्या असतील तर एक दुसरीला पूर्ण खोडते आणि मीटर हलतसुद्धा नाही. गाणारी व्यक्ती, तानपुरा, तबला सगळं गायब. फरक असता तर तो इथे ऐकू आला असता.

मग लोकांना फरक जाणवतो तो कशाचा? बऱ्याचदा पॅन लॉचा. मोनो ट्रॅक मधोमध असताना त्याची पातळी किती कमी करायची, याचा प्रत्येक सॉफ्टवेअरचा मूळ नियम निराळा असतो. कुणी काहीच कमी करत नाही, कुणी 3 डेसिबल कमी करतं. तेवढ्याने एक मिक्स जरा मोठा ऐकू येतो, आणि मोठं ते चांगलं असं कानाला वाटतंच. दुसरा खरा फरक सोबत येणाऱ्या प्लगिनचा : रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, वाद्यांचे नमुने. त्यांच्यात डावंउजवं नक्की असतं. त्यांच्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. आपण रिव्हर्ब विकत घेतोय हे मात्र माहीत असावं.

याच समजाची दुसरी बाजू म्हणजे ‘फुकटचं ते शिकाऊ लोकांचं’. ऑडॅसिटी 1999 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि आजही फुकट आहे. 2022 च्या 3.2 आवृत्तीपासून त्यात गाणं वाजत असतानाच इफेक्ट लावून ऐकता येतात. ज्यांनी जुनी आवृत्ती पाहून ते बाजूला टाकलं, त्यांनी पुन्हा एकदा उघडून बघावं. रीपर हे विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं. वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरचा, आणि आधी 60 दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. सातव्या आवृत्तीचा परवाना घेतला की आठवी आवृत्ती संपेपर्यंतची अपडेट त्यातच मिळतात. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढची अपडेट आयुष्यभर फुकट. घरी अभंगाचे सहा-आठ ट्रॅक करणाऱ्या माणसाला दर महिन्याचं भाडं भरण्याची गरज मला तरी दिसत नाही.

96 किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं की आवाज दुप्पट स्वच्छ येतो, असंही ऐकायला मिळतं. दुप्पट होतो तो फाइलचा आकार. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो आणि 48 किलोहर्ट्झला 24 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं टिपलं जातं. 24 बिट मात्र जरूर ठेवा. 16 बिटला सुमारे 96 डेसिबलची जागा मिळते, 24 बिटला कागदावर 144 ची. त्यामुळे आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतो, आणि तार सप्तकातली तान फाटत नाही.

खोलीचं काय? जबलपूरच्या मे महिन्यात पंखा आणि कूलर बंद करून गायला बसणं किती कठीण, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून नव्या आवृत्तीतल्या ‘नॉइज रिडक्शन’वर लोक मदार ठेवतात. ही सोय घरघरीचा नमुना घेते आणि त्या त्या कंपनांवर आवाज दाबते. घरघर सलग आणि हळू असेल तर काम बरं होतं. पण तानपुऱ्याचा विरत जाणारा झणत्कार आणि ‘स’, ‘श’चे उच्चार त्याच पट्ट्यात येतात. जास्त दाबलं की गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि तानपुरा मध्येच तुटतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधनं बोलण्याचा आवाज फार सुरेख साफ करतात. पण त्यातली बरीच बोलण्यावरच घडवलेली आहेत आणि तानपुऱ्यालाही ती गोंगाट समजू शकतात.

त्यापेक्षा माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर 60 सेंटिमीटरवरून 30 वर आणा, गळ्याचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. पंख्याचा आणि भिंतींवरून परतणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. जुन्या बंगल्यांतल्या उंच छताच्या खोल्या फार घुमतात. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, खाली सतरंजी अंथरा. पंखा बंद करायचाच नसेल तर गाण्याआधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा, निदान घरघरीचा नमुना शुद्ध मिळेल. यातल्या कशालाही अपग्रेड लागत नाही.

सूर दुरुस्त करणाऱ्या सोयीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्या गाण्याचं सगळ्यात जास्त नुकसान मला तिथे होताना दिसतं. ऑटो-ट्यून 1997 मध्ये अँडी हिल्डब्रँड यांनी आणलं. त्याआधी ते तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचा अभ्यास करत. आता बहुतेक नव्या आवृत्त्यांत सूर दुरुस्तीची काही ना काही सोय असते आणि ‘बेसूर राहायचं नाही’ या भरवशावर लोक ती घेतात. ही सोय सप्तकाचे बारा सारखे भाग धरून चालते. सुरेल लावलेल्या तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो या बारा भागांतल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका. गाणारीने तानपुऱ्याशी जुळवून नेमका लावलेला गंधार यंत्र चुकीचा ठरवतं आणि वर ओढतं. मग तानपुरा एक सांगतो आणि गळा दुसरं. मींड तर पायऱ्या पायऱ्यांनी चढायला लागते.

बारा सारखे भाग की श्रुती, हा वाद आपल्याकडे नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींचा हिशोब मांडला. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनिअमला दार बंद केलं ते तीन दशकं. आणि आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनिअम तयार केली. घरच्या रेकॉर्डिंगपुरती सांगायची गोष्ट साधी आहे. पट्टी आधी मोजा. प्रमाण सुरावटीत काळी एक म्हणजे 277.18 हर्ट्झ. तुमचा तानपुरा त्याहून किंचित वर लागला असेल तर सॉफ्टवेअरमधला संदर्भ-स्वर तितकाच सरकवा. आपोआप दुरुस्ती बंद ठेवा आणि खरोखर घसरलेला एखादा स्वर हाताने, अर्धामुर्धा उचला. काही साधनांच्या महागड्या आवृत्त्यांत स्वरांची जागा आपली आपल्याला मांडता येते. ख्याल किंवा नाट्यसंगीत करणाऱ्याने अपग्रेडसाठी पैसे टाकायचे तर या एका कारणासाठी टाकावेत.

‘हेडफोनमध्ये माझा आवाज मागून येतो, नवी आवृत्ती घेतो.’ हा उशीर मुख्यतः ड्रायव्हर आणि बफर यांचा असतो. 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पलचा बफर म्हणजे 21 मिलिसेकंद, तेही एका बाजूचे. 128 वर आणला तर 3 मिलिसेकंदही नाहीत. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाका, रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर तो प्रश्न तिथेच संपतो. मढातालच्या बाजारातून लॅपटॉपला एसएसडी आणि थोडी रॅम घालून आणली, तर खूप ट्रॅक असताना अडखळणारं जुनं सॉफ्टवेअरही पुष्कळदा सुरळीत चालतं.

कुणा मित्राकडून पेन ड्राइव्हवर मिळालेली ‘क्रॅक’ आवृत्ती हा अपग्रेड नव्हे. ती बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर घरातल्या कुणाचं तरी बँकेचं काम चाललेलं असतं. 60 दिवस राजरोस वापरून बघण्याची सोय असताना हा धोका कशाला घ्यायचा?

आता शेवटचा समज, आणि माझ्या मते सर्वांत घातक : नवी आवृत्ती आली की जुनी गाणी आपोआप त्यात उघडतील. ऑडॅसिटीचंच घ्या. मार्च 2021 च्या 3.0 आवृत्तीपर्यंत एका प्रकल्पाचे दोन भाग असत : एयूपी नावाची काही केबींची फाइल, आणि शेजारी त्याच नावापुढे ‘डेटा’ लागलेलं फोल्डर. गाणं त्या फोल्डरमध्ये, बारीक बारीक तुकड्यांत. फाइलीत फक्त तुकड्यांची यादी. कित्येकांनी नवा संगणक घेताना नुसती एयूपी फाइल उचलली आणि जुनी डिस्क पुसून टाकली. आजोबांचा अभंग म्हणून जपलेल्या त्या फाइलमध्ये आवाजाचा एक कणही नसतो, आणि हे कळतं ते फार उशिरा. नवी आवृत्ती सगळं एकाच एयूपी3 फाइलमध्ये ठेवते, हे चांगलंच झालं. पण ती फाइल मागच्या आवृत्तीत उघडत नाही. गेलेला माणूस परत येत नाही तसा हा एकेरी रस्ता आहे.

प्लगिनचंही तेच. स्टाइनबर्ग कंपनीच्या क्युबेस या सॉफ्टवेअरने 2016 च्या नवव्या आवृत्तीत 32 बिटचे प्लगिन बंद केले, अॅपलने मॅकच्या 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून 32 बिटचं सगळंच बंद केलं, आणि 2022 मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी 2 या जुन्या प्लगिन-प्रकाराचा आधारही काढून घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे प्रकल्प उघडेल, पण ज्या रिव्हर्बवर तो बेतला होता ती जागा रिकामी दिसेल. अख्खी कंपनीही हलते. कूल एडिट 2003 मध्ये अडोबीने घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं. केकवॉकचं काम गिब्सनने 2017 मध्ये थांबवलं, पुढच्या वर्षी ते बँडलॅबकडे गेलं आणि फुकट झालं.

म्हणून नव्याला हात लावण्याआधी जुन्या आवृत्तीत प्रत्येक गाणं उघडा. प्रत्येक ट्रॅक, गळा, तानपुरा, पेटी, तबला, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून वेगळा काढा, एकदा इफेक्टशिवाय आणि एकदा इफेक्टसह. वेव्ह आज कुठलंही सॉफ्टवेअर उघडतं. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जातो. सहा मिनिटांच्या अभंगाचे आठ ट्रॅक साधारण चारशे एमबी. सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पट्टी, ताल, लय, गाणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. दोन प्रती करा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा.

विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपल्यामुळे बऱ्याच घरांत संगणक आणि सॉफ्टवेअर एकदमच बदलायची वेळ आली आहे. ते गणपतीच्या तोंडावर करू नका. अनंत चतुर्दशी होऊ द्या. आणि सगळी जुनी गाणी वेव्हमध्ये काढून, नव्या मशिनवर एकेक करून ऐकून होईपर्यंत जुना लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नका.