सर्व्हर बंद पडला तरी सेवा कशी सुरू राहते?

'सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने या,' हे वाक्य बँकेच्या खिडकीपाशी कधीच ऐकले नाही, असा शहरवासी विरळाच. सारा कारभार एकाच यंत्रावर सोपविला की ते बंद पडताच कारभारही थांबतो. यावरील उपाय म्हणजे 'फेलओव्हर क्लस्टर'. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ही सोय विंडोज एनटी प्रणालीत आणली.

या रचनेत किमान दोन सर्व्हर असतात. माहिती मात्र दोहोंच्या बाहेर, सामायिक डिस्कवर ठेवलेली असते. ग्राहकाचा संगणक कोणा एका सर्व्हरशी नव्हे, तर क्लस्टरचे नाव व आयपी पत्ता यांच्याशी संपर्क साधतो. पहिला सर्व्हर बंद पडला की दुसरा ते नाव, तो पत्ता आणि डिस्कचा ताबा घेतो. काम थोडा वेळ खोळंबते. पण पुन्हा सुरू होते.

खरी अडचण वेगळीच आहे. पहिला सर्व्हर खरोखरच बंद पडला, हे दुसऱ्याने ओळखायचे कसे? दोन्ही सर्व्हर एकमेकांना ठरावीक अंतराने 'हार्टबीट' नावाचे संदेश पाठवितात. ते थांबले तर सर्व्हर बंद पडला असेल किंवा नुसती मधली केबल तुटली असेल. केबलच तुटली असताना दुसऱ्याने ताबा घेतला, तर दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागतील आणि नोंदींची नासधूस होईल. ही स्थिती 'स्प्लिट-ब्रेन' या नावाने ओळखली जाते. काही वेळ बंद राहिलेली सेवा पुन्हा सुरू करता येते. बिघडलेल्या नोंदी पूर्ववत होतीलच असे नाही.

ती टाळण्यासाठी दोन बंधने घालतात. पहिले बहुमताचे. दोन सर्व्हरांत बहुमत संभवत नाही, म्हणून तिसरे मत एका छोट्या 'साक्षीदार' डिस्कला दिले जाते. हे मत ज्याला मिळेल, त्यानेच काम चालवायचे. दुसरे बंधन 'फेन्सिंग'चे. यात संशयित सर्व्हरचा डिस्कशी संबंध तोडला जातो, प्रसंगी त्याची वीजच बंद केली जाते आणि मगच दुसरा ताबा घेतो.

सामायिक डिस्क नसली, तरी धोका टळत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी 'गिटहब' या अमेरिकी सेवेच्या पूर्व किनाऱ्यावरील जाळ्यात अवघे ४३ सेकंद खंड पडला. स्वयंचलित यंत्रणेने डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपविला. मात्र पूर्वेकडील काही नोंदी तेथे पोहोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडील नोंदींत तफावत पडली आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली.

म्हणूनच क्लस्टर उभारताना सर्व्हर शक्यतो एकसारखे असावेत, त्यांना जोडणारे मार्ग किमान दोन असावेत आणि सेवा सुरू करण्यापूर्वी केबल काढून, वीज तोडून रंगीत तालीम घ्यावी.

एवढे करूनही बॅकअपची गरज संपत नाही. सर्व्हर दोन असले, तरी माहिती एकाच ठिकाणी असते. ती डिस्क निकामी झाली किंवा एखादी नोंद चुकून पुसली गेली, तर दोन्ही सर्व्हर सारखेच हतबल ठरतात. क्लस्टर सेवेतील खंड टाळतो. माहिती जपण्याची जबाबदारी तो घेत नाही.